तळ्याकाठची भिंत

तळ्याकाठचे आधुनिक घर म्हटले की आज डोळ्यांपुढे एकच चित्र येते. सपाट छत, पांढऱ्या किंवा उघड्या काँक्रीटच्या भिंती, आत मोजके सामान आणि पाण्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत अख्खी काच. पवना, मुळशी, पानशेत, कुठल्याही धरणाच्या काठी प्लॉट घेतलेला माणूस आर्किटेक्टकडे जातो तेव्हा त्याच्या फोनमध्ये बहुधा हेच चित्र असते. ते इतके ओळखीचे झाले आहे की असे घर असेच असायचे, असे आपण धरून चालतो. पण या घराला कुळ आहे, आणि ते मागे शोधत गेले तर मूळ घरात काचेच्या जोडीला एक भिंत सापडते. बागेत, ऐन काठावर, तळे झाकण्यासाठी मुद्दाम बांधलेली. वंशजांनी काच घेतली आणि भिंत सोडून दिली. मला वाटते, घराची समज त्या भिंतीत जास्त होती.

माणूस तळ्याकाठी फार पूर्वीपासून राहतो आहे. 1853-54 च्या हिवाळ्यात झुरिकच्या सरोवराचे पाणी खूप खाली गेले आणि ओबरमायलेन गावापाशी चिखलातून लाकडी खुंटांच्या रांगा उघड्या पडल्या. फर्डिनांड केलर या अभ्यासकाने त्यांत प्रागैतिहासिक वस्ती ओळखली. पुढे आल्प्सच्या भोवताली अशा कितीतरी वस्त्या सापडल्या. सहा देशांतली मिळून 111 ठिकाणे 2011 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. मासे, पाणी आणि होडीची वाट हे त्या जागेचे उघड फायदे होते.

तळे बघण्यासाठी घर बांधणारा माणूस रोमन काळात ठळकपणे भेटतो. धाकट्या प्लिनीची कोमो सरोवरावर अनेक घरे होती. त्यांतल्या दोन लाडक्या घरांचे वर्णन त्याने एका पत्रात केले आहे. एक उंच खडकावर, त्याला तो शोकांतिका म्हणे. दुसरे थेट काठाला टेकलेले, ते सुखांतिका. नटांचे उंच आणि बसके जोडे यांवरून ही नावे. खालच्या घरात निजायच्या खोलीतून, जवळजवळ अंथरुणातूनच गळ टाकता येतो, असे तो सांगतो. वरच्या घरातून सरोवर दिसते, खालच्या घरात ते हाताला लागते. तळ्याकाठी घर बांधणाऱ्याला आजही याच दोहोंतून निवड करावी लागते, आणि बहुतेकांना दोन्ही एकदम हवे असते.

आपल्याकडे जुन्या बांधणाऱ्यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेच्या काठी आहे. नदी इतकी जवळ असूनही वाड्याचे जगणे आतल्या चौकांभोवती चालते. नदीची भेट घाटावर, आणि घाट हे स्वतंत्र बांधकाम. पाण्याशी नाते पायऱ्या उतरून जोडायचे, खिडकीतून नव्हे.

आजच्या घराच्या साधेपणाची शाखा अमेरिकेतून येते. 1845 साली लेखक हेन्री डेव्हिड थोरोने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्यापाशी, मित्र इमर्सनच्या जागेत, 10 फूट बाय 15 फुटांचे खोपट बांधले. त्याने खर्चाचा हिशेब पैशापैशाने लिहून ठेवला आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. एका आयरिश रेल्वे मजुराची झोपडी 4 डॉलर 25 सेंटला विकत घेऊन तिच्या फळ्या काढल्या. एक हजार जुन्या विटा 4 डॉलरला. खिळे 3 डॉलर 90 सेंट. आणि काचेसकट दोन जुन्या खिडक्या 2 डॉलर 43 सेंटला. खिडक्यांपेक्षा खिळ्यांना जास्त पैसे पडले! एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. तळ्याकाठच्या साध्या घराचा हा सगळ्यात प्रसिद्ध पूर्वज. पण त्याच्यात तळे बघण्याची काहीही खास सोय नाही. खोपट पाण्यापासून थोडे वर, उतारावर, झाडीत होते. तळे बघायचे तर दार उघडून बाहेर पडायचे. आजच्या घरांनी थोरोकडून कमी सामानाचा विचार घेतला, खिडकी त्याच्याकडून घेतलेली नाही.

खिडकीचा उगम स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठी, वेवे शहरालगतच्या कोर्सो गावात आहे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने आपल्या आईवडिलांसाठी 1923-24 मध्ये तिथे एक छोटे घर बांधले. चुलतभाऊ पिएर झानरे कामात त्याच्या बरोबर होता. या घरामागचा इतिहास पैशांचा आहे आणि तो विसरला तर घर समजत नाही. वडील ला शो-द-फाँ गावात घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करणारे कारागीर, आई पियानो शिकवणारी. 1912 साली, पंचविशीतल्या या मुलाने त्यांच्यासाठी गावात एक मोठे, देखणे घर बांधले होते. ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे ठरले आणि 1919 मध्ये तोटा सोसून विकावे लागले. त्यानंतर मुलाने पुन्हा घर बांधायला घेतले, तेव्हा ते लहान असणे ही आवडीची बाब उरलेली नव्हती. म्हाताऱ्या दोन माणसांना नोकराशिवाय सांभाळता येईल आणि साठलेल्या पैशांत बसेल एवढेच घर हवे होते. आज तळ्याकाठचा साधेपणा विकत घ्यायला कोट्यवधी रुपये लागतात; त्याचे मूळ घर मात्र काटकसरीतून आणि मुलाने केलेल्या एका महागड्या चुकीची भरपाई म्हणून उभे राहिले.

आणखी एक उलटी गोष्ट. आराखडा आधी तयार झाला, जागा नंतर सापडली. कॉर्ब्युझिए नकाशा खिशात घालून सरोवराच्या काठाने जागा शोधत हिंडला. दक्षिणेला तोंड, समोर सरोवर आणि पलीकडे आल्प्स, एवढ्या त्याच्या अटी. रस्ता आणि पाणी यांच्या मधली एक अरुंद पट्टी मिळाली आणि नकाशा तिच्यावर हातमोजा चढावा तसा बसला. घर 16 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद, म्हणजे 64 चौरस मीटर. आपल्या हिशेबाने सातशे चौरस फुटांच्या आतच. पाणी घरापासून चार मीटरवर. भिंती काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांच्या, वर गिलावा, सपाट छतावर माती टाकून गवत उगवलेले. आत पाहुण्यांसाठी वेगळी खोली नाही. सरकती आडभिंत ओढली की दिवाणखान्याचा एक कोपरा खोली होतो.

दक्षिणेच्या भिंतीत सुमारे 11 मीटर लांबीची एकच आडवी खिडकी आहे. दिवाणखाना, निजण्याची जागा आणि न्हाणीघर यांच्यापुढून ती अखंड जाते. ती जमिनीपर्यंत उतरत नाही आणि छताला भिडतही नाही. खाली भिंत, वर भिंत, मधे प्रकाशाचा पट्टा. तिच्यापुढे बसलेल्या माणसाला पाणी आणि डोंगर दिसतात, जवळचा काठ दिसत नाही. सोळा मीटरच्या घराला अकरा मीटरची खिडकी हे धाडस होते, पण ती उघडीवाघडी नव्हती. टेबल, रेडिएटर, खालची कपाटे यांना टेकायला भिंत शिल्लक होती. आतल्या माणसाचे पाय, अंथरूण, पसारा झाकलेला राहत होता.

बाहेर आल्यावर ती भिंत भेटते. घराशेजारच्या लहानशा बागेला कॉर्ब्युझिएने भिंती घातल्या. रस्त्याकडे, शेजाऱ्याकडे, आणि सरोवराकडेही! सरोवराकडच्या भिंतीत त्याने एकच चौकोनी भगदाड ठेवले. त्याला टेकून काँक्रीटचे टेबल, जवळ खुर्च्या, डोक्यावर पाउलोनियाच्या झाडाची सावली. बागेत बसले की सरोवर त्या चौकटीएवढेच दिसते. यामागचे कारण त्याने पुढे या घरावर 1954 साली काढलेल्या छोट्या पुस्तकात सांगितले आहे. सगळीकडून सतत दिसणारे दृश्य माणसाला शिणवते; काही दिवसांनी तो त्याकडे बघेनासाच होतो. दृश्याला वजन यायचे तर त्याला मर्यादा घातली पाहिजे. आधी भिंतीने झाका, मग नेमक्या ठिकाणी उघडा. आधुनिक वास्तुकलेत काच आणि उजेडाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता समजला जाणारा हा माणूस आपल्या आईच्या बागेत, जगातल्या एका सुंदर सरोवरासमोर भिंत बांधत होता. मला त्याच्या सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत माणुसकीचा वाटतो.

त्या घरात आणखी एक बारकावा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. रस्त्याकडच्या भिंतीशी कुत्र्यासाठी एक छोटा चौथरा आणि भिंतीत जाळीचे भोक ठेवले आहे. कुत्र्याने तिथे चढून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघावेत! घरातल्या प्रत्येक जिवाने काय बघावे याचा विचार इथपर्यंत गेलेला होता.

या आडव्या खिडकीवरून तेव्हा पॅरिसमध्ये वाद पेटला होता. ऑग्युस्त पेरे हा काँक्रीटच्या बांधकामातला मोठा माणूस, तरुण कॉर्ब्युझिएने त्याच्या कचेरीत काम केलेले. 1923 मध्ये त्याने आडव्या खिडकीवर जाहीर टीका केली. त्याचे म्हणणे असे, की उभी खिडकी माणसाच्या आकाराची असते. तिच्यातून खालची जमीन, मधली झाडे आणि वरचे आकाश एका नजरेत येतात, म्हणून खोली बाहेरच्या जगाशी जोडलेली वाटते. आडव्या पट्ट्यात हे तुटते. कॉर्ब्युझिएने उजेडाची बाजू मांडली: तेवढ्याच क्षेत्रफळाची आडवी खिडकी खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत प्रकाश पोचवते. दोघांचेही खरे होते. पेरे जिला तुटणे म्हणत होता तीच गोष्ट कॉर्ब्युझिएला हवी होती, कारण जवळचा काठ गाळल्यावर पाणी दूरचे आणि मोठे होते.

घर पुरे झाल्यावर स्थानिक पंचायतीने ते निसर्गाविरुद्धचा गुन्हा ठरवले आणि तसे घर पुन्हा होऊ नये असा ठराव केला, असे कॉर्ब्युझिएने लिहून ठेवले आहे. घराला खरा त्रास दिला तो सरोवराने. पाण्याची पातळी बदलली की तळघर खालून उचलले जाई आणि घराला तडा गेला. उत्तरेच्या भिंतीवर पत्रा चढवावा लागला, पुढे दक्षिणेच्या भिंतीवर अॅल्युमिनियम. वडिलांना हे घर फार लाभले नाही, 1926 मध्ये ते वारले. आई मात्र 1960 पर्यंत, जवळजवळ शंभर वर्षांची होईपर्यंत तिथे राहिली. तिच्यानंतर संगीतकार असलेला मोठा मुलगा आल्बेर राहिला. घर चांगले की वाईट हे ठरवायला पस्तीस वर्षे तिथे राहिलेल्या बाईचा पुरावा मला पुरेसा वाटतो.

यानंतर घराण्याला फाटा फुटला. एका फांदीने काच घेतली. मीस व्हॅन डर रोह या जर्मन वास्तुकाराने इलिनॉयमध्ये, फॉक्स नदीच्या काठी, डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टर बाईंसाठी 1951 मध्ये सुटीचे घर पुरे केले. पांढऱ्या पोलादी खांबांवर दोन आडव्या पाट्या आणि चारी बाजूंनी काच, भिंत नाहीच. तळ्याकाठच्या काचेच्या घरांचे आज जे चित्र फिरते त्याचा जवळचा बाप हे घर आहे, जरी ते नदीकाठचे असले तरी. ते अप्रतिम आहे, आणि राहायला अवघड होते. काच एकेरी, म्हणून हिवाळ्यात तिच्यावर पाणी साठे आणि उन्हाळ्यात आत उकडे. खर्चावरून मालकीण आणि वास्तुकार कोर्टात गेले. स्वयंपाकघरात कचऱ्याची टोपली कुठे ठेवायची याचाही विचार बाहेरून काय दिसेल या धाकाने करावा लागतो, अशी तक्रार डॉ. फार्न्सवर्थ यांनी केली. नदीचा पूर येतो हे माहीत होते म्हणून जमीन पाच फूट तीन इंच उचलून बांधली होती. तरी 1954, 1996 आणि 2008 साली पाणी आत शिरले. काचेला जाडी नसते, आडोसा नसतो. बघणारा आणि पाणी यांच्या मधे काही ठेवले नाही तर पाणी आणि लोक दोघेही आत येतात.

पुढे 1959 मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली. आधी चांगली मोठी काच दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करावी लागे, ते काम संपले. मग दुहेरी काच, वातानुकूलन. भिंतभर काच ही श्रीमंताची हौस न राहता कॅटलॉगमधली वस्तू झाली, आणि साधे घर म्हणजे काचेचे घर अशी समजूत पक्की झाली.

दुसरी फांदी फिनलंडमध्ये गेली. वास्तुकार अल्वार आल्टोने 1952-54 च्या सुमारास पाय्यान्ने सरोवरातल्या मुराट्सालो बेटावर स्वतःचे उन्हाळी घर बांधले. या घराला विटांनी वेढलेले अंगण आहे, मधोमध शेकोटीचा खड्डा, आणि उंच भिंतींतल्या मोठ्या उघड्या जागेतून सरोवर. अंगणाच्या भिंतींवर पन्नासच्या आसपास निरनिराळ्या नमुन्यांत विटा आणि फरशा लावल्या आहेत. कोणती वीट थंडीवाऱ्यात कशी टिकते ते बघण्याचा हा प्रयोग होता. बाहेरून भिंती पांढऱ्या, आत तांबूस. इथे सरोवर म्हणजे भिंतींत ठेवलेला एक मोकळा चौकोन. कोर्सोच्या बागेचा हा खरा वारस आहे, असे माझे मत आहे.

कॉर्ब्युझिएला आयुष्यात दुसरे तळे मिळाले ते भारतात. चंडीगडचे सुखना तळे 1958 मध्ये एका ओढ्यावर बांध घालून केले. बांधाच्या माथ्यावर त्याने पायी फिरण्याचा रस्ता ठेवला. तिथे गाड्या नाहीत, पाण्यात मोटारबोटी नाहीत. हा काठ त्याने चालणाऱ्यांना दिला. कोर्सोच्या घरात त्याच्या बरोबर असलेला पिएर झानरे चंडीगडमध्ये अनेक वर्षे राहिला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी याच तळ्यात विसर्जित केल्या गेल्या.  आणि 2016 साली कोर्सोचे छोटे घर आणि चंडीगडचे कॅपिटल संकुल सात देशांतल्या 17 कामांच्या एकाच नोंदीत जागतिक वारसा झाले.

उष्ण, पावसाळी मुलखात हे घर कसे असावे, याचे माझ्या मते सगळ्यात चांगले उत्तर श्रीलंकेचा वास्तुकार जेफ्री बावा याने दिले. 1948 मध्ये त्याने बेंटोटाजवळ देद्दुव तळ्याच्या काठी रबराची एक जुनी बाग घेतली आणि तिला लुनुगंगा नाव दिले. पुढची सुमारे पन्नास वर्षे तो ती घडवत राहिला. दूरचे तळे आणि पलीकडचा स्तूप दिसावा म्हणून त्याने समोरच्या टेकडीचा माथा खाली आणला, आणि नजर ठरावी म्हणून टेकडीवर झाडाखाली एक मोठा रांजण ठेवला. मधून जाणारा गावचा रस्ता खोलगट केला, म्हणजे घरातून तो दिसू नये. ओसरीची छपरे खोल, सावली दाट. पुढे 1994 मध्ये उघडलेल्या कंदलामा हॉटेलचे काम आले तेव्हा त्याने इमारत काठावर नेली नाही. सिंहली राजांच्या काळच्या तलावापासून दूर, कड्याला चिकटवून ती बांधली. तलावाची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, पावसाळ्यात वर येते, आणि दुरून पाहणाऱ्याला दोन्ही बघण्यासारखे वाटते.

हे आपल्याकडच्या घरांना थेट लागू आहे. सह्याद्रीतल्या ज्या पाण्याकाठी आता ही घरे उभी राहतात ते पाणी बहुतेक धरणांचे आहे. कोर्सोला कॉर्ब्युझिए भिंत बांधत होता त्याच सुमारास, 1921 ते 1924, मुळशीच्या खोऱ्यात सेनापती बापटांच्या पुढाकाराने शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. गावे बुडाली, पाणी वीजनिर्मितीला गेले. आज व्हिलाच्या जाहिरातीत "लेक व्ह्यू" म्हणून जे दिसते ते असे तयार झालेले आहे. धरणाचे पाणी ऑक्टोबरात काठोकाठ असते आणि मे महिन्यात ते उतरून मोठा पट्टा उघडा पडतो: चिखल, खडक, जुन्या बांधांच्या रेघा, पवनेत वाघेश्वराचे देऊळ. पाण्याकडे लावलेली भिंतभर काच वर्षातले कितीतरी महिने हेच दाखवते, आणि पश्चिमेकडे असेल तर दुपारचे ऊन व जुलैचा आडवा पाऊस थेट अंगावर घेते. मग पडदे येतात, एसी येतो, काचेवर काळी फिल्म चढते, आणि दृश्य बघायला बांधलेले घर दृश्य झाकून बसते.

या जागी खोल पडवी हवी, पावसाच्या बाजूला भरीव भिंत हवी, आणि त्या भिंतीत विचार करून ठेवलेली एखादी खिडकी. पेरेची उभी खिडकी इथे कॉर्ब्युझिएच्या आडव्या खिडकीपेक्षा चांगली पडेल, कारण पाणी खाली गेल्यावरही तिच्यातून डोंगर आणि आभाळ उरते. प्लॉट घ्यायच्या आधी पाटबंधारे खात्याकडून पूर्ण संचय पातळी आणि पूररेषा समजून घ्यावी, ती न ओलांडणे हा तर कायदाच आहे. आणि जागा बघायला पावसाळ्यानंतर नाही, मे महिन्याच्या शेवटी जावे. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत गेले आहे ते गावातल्या गुराख्याला विचारले की तो हात करून दाखवतो. आराखड्यावरची पहिली रेघ तिथून मोजावी.